उंदरांच्या क्रियेला बसलेला माणूस

शेतकरी हा निसर्गाचा सगळ्यात जुना मित्र आहे. आमच्या सुबकाच्या सभामंडपात हे वाक्य हिरव्या रंगात भिंतीवर लिहिलं आहे. त्याच्या खालीच उंदीर मारायच्या काठ्या टेकवून ठेवतात, कारण मंडपाला भिंत तेवढी एकच आहे.

सुबक म्हणजे एका पाटावर भिजणारी सगळी खाचरं आणि त्यांचे सगळे धनी. पाट एक, पाण्याचं देऊळ एक, पाण्याचा कारभारी एक. त्या कारभाऱ्याला पेकासे म्हणतात. लावणी सगळ्यांनी एकदम करायची, कापणी एकदम, आणि कापणीनंतर दोन महिने सगळ्यांनी भात एकदम बंद ठेवायचं. रताळी लावा, शेंगा लावा, बदकं सोडा. पण भाताची हिरवी काडी कुठं दिसता कामा नये. उंदरांची उपासमार होते आणि विष घालावं लागत नाही. हे आमच्या पणज्यांना ठाऊक होतं. मग वरच्या हुकुमानं ते मोडलं गेलं, आणि आता वरूनच साहेब लोक येऊन आम्हाला ते शिकवतात.

ह्या वर्षीही दोन महिने भात बंद होतं. सगळ्यांनी देवळात शपथ घेतली होती. मग सगळ्यांनी मिळून लावणी केली, भात पोटरीला आलं, म्हणजे लोंब्या पोटात धरल्या, आणि उंदीर आले. असे आले की जणू त्यांना आमंत्रण होतं.

"माझा खालचा वाफा साफ झाला," सभेत पान सुक्री ओरडला. आमच्याकडे पहिलं मूल झालं की माणसाचं नाव संपतं. मग तो पान अमका, म्हणजे अमक्याचा बाप, आणि बायको मेन अमका, म्हणजे त्याची आई. पान सुक्रीचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. "कापनी केल्यावानी आडवा पाडलाय. केतूतरावांनी पेंढ्या बांधायच्या तेवढ्या ठिवल्या."

शेतात आणि सभेत उंदराला उंदीर म्हणायचं नसतं, त्याला राग येतो. केतूतराव म्हणायचं.

"पेंढ्या बी बांधत्याल. तू शिकिव त्यास्नी," मागून कुणीतरी म्हणालं.

"हसतोस काय? दोन म्हैनं भात न्हवतं, तर येवढी जमात जगली कशावर? वाऱ्यावर? कुनीतरी नेम मोडलाय!"

सगळ्यांनी सगळ्यांकडे बघून घेतलं. माझ्या शेजारी बसलेला पान लास्त्री छताच्या बांबूकडे बघत होता. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

पेकासे सुतेजानं घसा साफ केला. "देवळात शपथ झालीया. शपथ मोडली आसं म्हननं म्हंजे देवळाचा आपमान. तवा शपथ मोडलेली न्हाई."

"मग हे आलं कुठनं?"

"त्यांची क्रिया राहिलीया. माझ्या बापाच्या टायमाला केतूतरावांचं दहन झालं व्हतं, त्याला लई वर्सं झाली. आपन मारतो, गाडतो, इसरतो. आत्मा जातो कुठं? पुन्यांदा खाचरातच येतो. तवा आता मारायचं, शेपट्या राखायच्या, आनि सगळ्यांचं रीतसार दहन करायचं. ज्याच्या शेपट्या जास्त, तो घरचा मानूस म्हनून क्रियेला बसल."

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं, त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मेन दार्मी उठली. तिचं खाचर सगळ्यात वर, बांबूच्या बनाला लागून. सगळ्यात आधी गेलं ते तिचंच, आणि सगळंच्या सगळं गेलं.

"माझ्यामुळं आलं ते," ती म्हणाली. "मी शेतात उभी राहून नाव घेतलं त्यांचं. मेल्या उंदरा म्हनलं. तोंडावर."

दोघंतिघं हसले. ती हसली नाही.

"आनि आमचा मानूस आजून मातीतच हाय. त्याचं दहन राहिलंय. त्यानंच धाडलं आसत्याल." आमच्याकडे माणूस आधी पुरतात आणि ऐपत झाली की हाडं काढून दहन करतात; तिच्या नवऱ्याला पुरून दोन वर्षं झाली होती. सगळ्या गावाचं एकत्र दहन होईल तेव्हा करू, म्हणून ती थांबली होती. "मी त्या बंगल्यावाल्याला शेत देऊन टाकते. मागंच लागलाय तो, हो म्हनलं की येतो म्हनलाय. माझं पाप शेताला नको, आनि तुमच्याबी शेतांना नको."

"आसं काय करतीस, मेन दार्मी? वरचंच शेत गेलं तर पाटाचं काय?" पेकासे म्हणाला.

"पाटाला सांगा माझ्या नवऱ्याला इचारायला," ती म्हणाली आणि खाली बसली.

पान लास्त्रीनं छताकडे बघणं सोडलं नाही.

आता पुढचं जे आहे ते त्यानं मला नंतर सांगितलं. बांबूच्या बनामागं जमीन एकदम वर चढते, त्या चढात घळ आहे. घळीच्या तोंडाशी मोठं झाड आहे, त्याला काळं-पांढरं चौकटीचं कापड गुंडाळलेलं. तिथं अदृश्य मंडळी राहतात असं समजतात, म्हणून कुणी पुढं जात नाही. पान लास्त्री मात्र रोज नैवेद्याचे पानांचे द्रोण घेऊन जायचा. गाव म्हणायचं, काय भक्ती आहे! नैवेद्य तो झाडाला ठेवायचाच, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यानंतर तो पुढं जायचा. पुढं घळीतल्या सपाट पट्टीवर, झऱ्याच्या पाण्यावर, चटईएवढ्या दोनचार वाफ्यांत त्यानं तांबडं भात लावलं होतं.

तांबडं भात म्हणजे त्याच्या आईचं बी. उंच वाढणारं, लोंबीला कुसं असलेलं, पिकायला आपलं निवांत सहा महिने घेणारं. सगळ्यांच्या वेळापत्रकात ते बसतच नाही. कणगीतलं बी जुनं झालं होतं. ह्या खेपेला लावलं नसतं तर उगवलंच नसतं. बरं, लावायचं तर भात बंद असतानाही ते उभं राहणार. त्यानं लावलं. त्याआधी कुणीतरी शहरात व्याख्यान दिलं होतं की जुनं बी राखणारा शेतकरी म्हणजे उद्याच्या अन्नाचा रखवालदार. पान लास्त्रीला ते व्याख्यान फार आवडलं होतं. त्याच व्याख्यानाचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांनी एकदम भात बंद ठेवण्यावर होता, पण तेव्हा जेवण सुरू झालं होतं.

ते तांबडं लावायच्या आधी एकदा बांधावर त्यानं मला गाठलं होतं. मी देनपसार शहरात शिकून परत आलो, म्हणून मला सगळे कालेज म्हणतात.

"कालेज, समज, एखाद्यानं सुबकाचं पानी घेतलंच न्हाई. झऱ्याचं घेतलं. तर सुबकाचा नेम त्याला लागू व्हतो का?"

"उंदरांना विचारा," मी म्हणालो. मला वाटलं तो गंमत करतो आहे.

तर सगळ्या सुबकाची रताळी चालली होती, बदकं फिरत होती, आणि केतूतराव उपाशी मरायच्या बेतात होते, तेव्हा घळीत त्यांची पंगत बसली होती. तिथं ते खाल्ले, व्याले, वाढले. आणि खाली भात पोटरीला आल्यावर बन ओलांडून उतरले. पहिलं शेत मेन दार्मीचं.

सभा झाली आणि पान लास्त्री रोज पहाटे टोपलीभर शेपट्या आणायला लागला. बाकीचे रात्रभराच्या मेहनतीनंतर मूठभर घेऊन येत. त्याला फक्त घळीतल्या बांधाची बिळं खणायची असत. लोक थक्क झाले.

"हाताला गुन हाय गड्याच्या."

"बिळावर नुसता हात ठिवला तरी भाईर येत्यात म्हनं."

"भक्ती हाय ना. रोज निवद घेऊन जातो. त्यानंच सांगितलं आसंल त्यास्नी, चला रं."

घरी मात्र त्याची बायको, मेन लास्त्री, कॉफीचा पेला आपटून ठेवायची. "खाऊ घातलंस, वाढवलंस, आता कापतोस. डुकरं पाळनारा बी हेच करतो, पन त्याला कुनी संत म्हनत न्हाई."

"गप की."

"मी गपच हाय. तू गप ऱ्हाऊ नगंस. त्या बाईचं शेत जातंय."

"बंगल्यावाला काय लगेच येतोय व्हय?"

"बंगल्यावाला दहन झालं की येतोय. तुलाच ठावं न्हाई व्हय रं? रोज बनाच्या वर बसतोस नव्हं, तिचं ऐकू येत न्हाई काय तुला?"

त्यावर तो टोपली उचलून मंडपाकडे निघाला.

एके सकाळी मेन दार्मीच त्याच्याकडे आली. "भावजी, माझ्या शेतातलं धरून द्या. तुमच्या हाताला यश हाय."

तो गेला. मीही गेलो, धुरीचं मडकं धरायला. उजाडलं होतं, बन धुक्यात उभं होतं, चिखलाला कुजक्या काडाचा वास येत होता. तिच्या बांधात बिळं होती, पण सगळी रिकामी. दिवसा केतूतराव तिथं नसतच. जेवायला उतरायचे आणि झोपायला वर जायचे. पान लास्त्री गुडघ्यावर बसून एकेका बिळात धूर फुंकत होता. डोळ्यांना पाणी आलं होतं. धुरानं असेल.

"न्हाई गावत," तो म्हणाला.

"कसं गावतील? ते केतूतराव न्हाईतच माझ्या शेतात. ते माझं भोग हायती. भोगाला धुरी लागत न्हाई."

"वैनी, एक हंगाम थांब की. शेत देऊ नगंस."

"कशापायी? पाप काय हंगामी आसतं?" ती हसल्यासारखं बोलली. "तुमाला कळायचं न्हाई, भावजी. तुमी भक्तीचं मानूस."

पान लास्त्रीनं मडक्यात अजून एक फुंकर घातली. मडक्यातला विस्तव विझला होता.

दहनाच्या दिवशी काहीही कमी नव्हतं. बांबूचा मनोरा होता, पांढरी वस्त्रं होती, घंटा आणि झांजा होत्या. माणसाच्या दहनाला लाकडी बैल करतात. उंदरांसाठी बैल शोभेल का, यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी वासरू ठरलं. शेपट्या वस्त्रात गुंडाळून वासरात ठेवल्या. मेन दार्मीनं नैवेद्य केला होता आणि तो सगळ्यांत नेटका होता. नवऱ्याचं दहन राहिलेलं असताना उंदरांच्या दहनाला तिनं दोन रात्री बसून पानं विणली.  

शहरातून शेतकरी शिबिरासाठी एक साहेब आले होते. त्यांच्यासाठी पुढं खुर्ची. त्यांच्या मागच्या कापडी फलकावर, आमच्या भिंतीवरचंच वाक्य जास्त चांगल्या अक्षरात होतं.

घरचा माणूस म्हणून पान लास्त्री वासरासमोर बसला. रिवाजाप्रमाणं त्यानं मेलेल्यांची माफी मागायची होती. मीच त्याला चार ओळी लिहून दिल्या होत्या, माईकही मीच धरला होता. देवळाचे पुजारी, ज्यांना आम्ही मंगकू म्हणतो, त्यांनी घंटा थांबवली.

पान लास्त्रीनं माझ्या चार ओळींतली पहिली म्हटली. मग थांबला.

"ह्यास्नी मी पोसलं," तो म्हणाला.

मला वाटलं, ओळ विसरला. मी हळूच सांगायला गेलो. त्यानं माझा हात बाजूला केला.

"सगळ्यांचं भात बंद व्हतं तवा माझं उभं व्हतं. घळीत. तांबडं. मी लपून लावलं. त्यावर हे जगलं, त्यावर वाढलं, आनि खाली उतरलं. पैलं शेत गेलं ते माझ्यामुळं गेलं. कुनाच्या तोंडातनं नाव गेलं म्हनून न्हाई. कुनाची क्रिया राहिली म्हनून बी न्हाई. शपथ मी मोडली. पाप माझं हाय, सगळंच्या सगळं."

आवाज बनापर्यंत गेला आणि परत आला.

मग मंगकूंनी डोळे मिटले आणि जोरानं घंटा वाजवली. "आशी क्रिया मी हयातीत बघितली न्हाई," ते म्हणाले. "केतूतरावांना गती मिळाली."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या.

"काय बोलला, आं!" पान सुक्री डोळे पुसत होता. "सगळ्या सुबकाचं पाप आंगावर घेतलं की! घळ काय, तांबडं भात काय! आपल्याला सुचलं नसतं."

"आरं, खरं हाय ते!" पान लास्त्री ओरडला.

"मोठ्या मनाचा मानूस आसंच म्हनतो," पेकासे बाजूच्याला म्हणाला, आणि वासराला अग्नी दिला.

मेन दार्मी हात जोडून पुढं आली. तिचा चेहरा रडून सुजला होता. "भावजी, माझं पाप तुमी कशापायी घेतलं? मी न्हाई घेऊ द्यायची. उद्या तो बंगल्यावाला येतोय, मी देऊन टाकते शेत."

तेव्हा पान लास्त्रीनं जे केलं ते आमच्याकडे कुणी चारचौघांत करत नाही. त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत नेलं. वासरू जळत होतं, झांजा चालल्या होत्या. मेन लास्त्री तेवढी मागं आली. मीही गेलो, माईक हातातच राहिला होता आणि त्याची वायर तुटून मागं लोंबत होती.

कापड गुंडाळलेल्या झाडापाशी मेन दार्मी थांबली. "म्होरं न्हाई यायची. तिथं ते आसत्यात."

"कुनी नसतं तिथं. मीच सांगत व्हतो लोकांना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या पुढं होऊन स्वतःच घळीत शिरली.

तिथं ते होतंच. तांबडं भात, निम्मं कुरतडलेलं, उरलेलं कुसांसकट मान टाकून उभं. बांधाची चाळण झालेली. भुसा सगळीकडे पडलेला. वाऱ्यावर खालून वासराच्या धुराचा वास येत होता.

तिनं एक लोंबी हातात घेतली, सोडून दिली.

"कवापासनं?"

"तुमची बदकं रताळ्यांत सोडली व्हती, तवापासनं."

तिनं बनातून खाली बघितलं. तिथून तिच्या शेताचा कोपरा स्वच्छ दिसत होता, हाक मारली तर पोचेल एवढा.

"मी रोज सकाळी त्या कोपऱ्यात बसत व्हते," ती म्हणाली. "मोठ्यानं माफी मागत व्हते त्याची. मेलेल्या मानसाची. म्हनत व्हते, माझं चुकलं, आता पुरे कर. तुमाला हितं ऐकू येत व्हतं?"

पान लास्त्रीनं मान खाली घातली.

"इचारतीया मी."

"येत व्हतं."

मला वाटलं ती त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला तरी. तिनं लुगडं खोचलं, वाफ्यात उतरली आणि भात उपटायला लागली. मुळासकट, मूठ मूठ. तोही घाईघाईनं वाकला.

"तुमी न्हाई," ती म्हणाली. "तुमी बघा."

तो हात लोंबकळत उभा राहिला. शेवटच्या वाफ्याशी आली तेव्हा त्याच्या तोंडून गेलं, "वैनी, थोडं बी... आईचं हाय..."

मेन लास्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. मेन दार्मी थांबली. उपटलेल्यातल्या चार धड लोंब्या तिनं निवडल्या आणि स्वतःच्या कमरेला खोचल्या. त्याला दिल्या नाहीत.

"त्या बंगल्यावाल्याला सांगा, येऊ नगंस," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पाप माझं न्हाई. मग शेत मी कशापायी सोडू?"

पुढच्या सभेत पेकासेसमोर मोठी अडचण उभी राहिली. शपथ मोडलेली नाही, असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. क्रियाही यशस्वी झाली होती, शहरात तिचे फोटो गेले होते. आता शपथ मोडली म्हणायचं तर दहन फुकट आणि देवळाचा अपमान दुप्पट. शेवटी पान लास्त्रीला शिक्षा झाली ती देवकार्यात नेमून दिल्यापेक्षा जास्त बोलल्याबद्दल. हंगामभर पाट त्यानं एकट्यानं साफ करायचा आणि देवळात क्षमेचा नैवेद्य ठेवायचा. त्याला ती फार कमी वाटली. "वाढवून द्या," तो म्हणाला. पेकासे म्हणाला, सभेचा वेळ घेऊ नगंस.

मग त्यानं स्वतःच मेन दार्मीच्या खाचरात नांगर घातला. तिनं घालू दिला. सकाळपासून दुपारपर्यंत तो चिखलात राबला आणि ती बांधावर बसून बघत होती. नांगराला आलेल्या माणसाला आमच्याकडे कॉफी देतात. वैऱ्यालाही देतात. तिनं दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हाही दिली नाही. मेन लास्त्री घरी म्हणाली, बरं केलं.

कापणीनंतर पुन्हा दोन महिने भात बंद. ह्या वेळी शपथ घेतली नाही. पेकासे स्वतः सगळ्या घळी आणि सगळी बनं फिरून आला. काय सापडलं ते त्यानं सांगितलं नाही, पण पान सुक्री महिनाभर गप्प होता.

पुढचं पीक भरून आलं. मंगकू म्हणतात क्रिया फळली. पेकासे म्हणतो शिस्त फळली. साहेबांनी कळवलं की शिबिराचा परिणाम दिसून आला. मेन दार्मीनं कुणालाच काही म्हटलं नाही; तिच्या वाफ्याच्या पाण्याकडच्या कडेला चार तांबडी रोपं इतरांपेक्षा उंच झाली होती, आणि सगळ्यांचं कापलं त्या दिवशी तिनं तीही कापली, अर्धी कच्चीच.

त्या हंगामात केतूतराव आमच्याकडे फारसे फिरकले नाहीत. आमचं भात बंद होतं तेव्हा ओढ्यापलीकडच्या सुबकाचं पोटरीला आलं होतं.